उधळपट्टी म्हणावें कशास ?

खर्च करणाऱ्या माणसास आपल्या भाषेंत नांवें पुष्कळ आहेत. तो उदार असतो, सढळ हाताचा असतो, हौशी असतो, खर्चिक असतो, आणि शेवटीं उधळ्याही असतो. या नांवांकडे जरा निरखून पाहिलें म्हणजे असें दिसून येतें कीं, तीं रुपयांच्या आंकड्यावरून पडलेलीं नसून माणसाच्या पायरीवरून पडलेलीं आहेत. सरदारानें पुत्रजन्माच्या आनंदांत हत्तीवरून साखर वांटली, तर गांव त्याचें औदार्य वाखाणतो. आणि त्याच गांवच्या कुणब्यानें लेकीच्या लग्नांत दोन पंक्ती अधिक उठविल्या, तर ऋण काढून सण करणारा म्हणून तोच गांव त्यास बोल लावतो.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली असते. तींत शहाणपण नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. मध्यम स्थितीच्या कुटुंबांचे संसार याच म्हणीच्या आधारावर उभे राहिलेले आहेत, आणि जीं घरें ती विसरलीं त्यांवर जप्ती आलेली आम्हीं पाहिली आहे. परंतु या म्हणींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. अंथरूण तोकडें कां पडलें, तें आधींच कोणीं कापून नेलें काय, हें ती विचारीत नाहीं. अतिरेकाचा आणि उधळपट्टीचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे हाच न विचारलेला प्रश्न पानोपानीं आडवा येतो. त्याचा थोडासा मागोवा घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

खर्चास कायद्याचें कुंपण घालण्याची कल्पना फार जुनी आहे. इ. स. पूर्वीं २१६ व्या वर्षीं कॅनीच्या रणांगणावर हॅनिबालनें रोमन सैन्याची दाणादाण उडविली. शहर सुतकांत बुडालें, आणि पुढच्याच वर्षीं ओपियस नांवाच्या ट्रिब्यूननें एक कायदा मंजूर करून घेतला. कोणाही स्त्रीनें अर्ध्या औंसाहून अधिक सोनें बाळगूं नये, रंगीबेरंगी वस्त्र नेसूं नये, आणि धर्मकृत्याचा प्रसंग नसेल तर शहरांत गाडींतून हिंडूं नये, असें त्यान्वयें ठरलें. संकटाच्या काळीं त्याबद्दल कोणाची फारशी तक्रार नसावी. परंतु युद्ध संपलें, हॅनिबालचा पाडाव झाला, रोमचे बरे दिवस परत आले, पुरुषांच्या झग्यांना जांभळ्या किनारी पूर्वींप्रमाणेंच झळकत राहिल्या. कायदा मात्र स्त्रियांच्या गळ्याभोंवतीं तसाच राहिला. इ. स. पूर्वीं १९५ मध्यें तो रद्द करण्याची सूचना पुढें आली, तेव्हां रोमच्या स्त्रिया रस्त्यांत येऊन उभ्या राहिल्या, आणि चव्हाट्याकडे जाणाऱ्या नागरिकांस त्यांनीं आपला पक्ष उचलण्याविषयीं विनविलें. कॉन्सल केटो यानें जुन्या सद्गुणांच्या नांवानें या सूचनेस कसून विरोध केला. ट्रिब्यून व्हॅलेरियस याच्या उत्तराचा मथितार्थ असा होता कीं, राज्याच्या भरभराटीचा लाभ सर्वांनीं घ्यावा आणि एकट्या स्त्रियांनींच घेऊं नये, हा न्याय नव्हे. अखेर कायदा रद्द झाला.

पुढें रोमन कायदेकारांची दृष्टि मेजवान्यांकडे वळली. इ. स. पूर्वीं १६१ च्या फॅनियन कायद्यानें सणावारीं जेवणावर किती खर्च करावा याची मर्यादा घातली, आणि मुद्दाम खाऊं घालून पुष्ट केलेली कोंबडी ताटांत वाढण्याचीही बंदी केली. अशा कायद्यांमागून कायदे झाले, आणि कायद्यांचीच संख्या वाढली यावरून ते कितपत पाळले गेले तें उघड होतें. सर्वाधिकारी सुल्ला यानें उत्तरक्रियेच्या खर्चास मर्यादा घालून दिली. पण स्वतःची पत्नी मेटेला वारली तेव्हां आपलाच नियम मोडून त्यानें मन मानेल तसा खर्च केला. पत्नीच्या शोकांत हात आखडला नाहीं म्हणून सुल्लास आम्ही दोष देत नाहीं. तोच शोक रोमच्या एखाद्या लोहारासही होत असेल, हें कायदा लिहितांना त्याच्या ध्यानांत आलें नाहीं, एवढेंच आम्हांस म्हणावयाचें आहे. इ. स. २२ मध्यें चैनीविरुद्ध आणखी एक कायदा करण्याचा विषय निघाला, तेव्हां बादशहा टायबेरियस यानें सेनेटास पत्र लिहून त्यांतून अंग काढून घेतलें. आळा घालावयाचा तर आरंभ कशापासून करावा, विस्तीर्ण वाड्यांपासून, गुलामांच्या तांड्यांपासून, कीं सोन्यारुप्याच्या भांड्यांपासून, असा त्याचा सवाल होता. सेनेटांत बसलेल्या गृहस्थांच्या घरीं या तिन्ही वस्तु भरपूर होत्या.

मध्ययुगीन इंग्लंडांत हाच खेळ अधिक उघडपणें खेळला गेला. १३४८ सालीं तेथें महामारी शिरली आणि तिनें अगणित माणसें नेलीं. शेतांवर मजूर मिळेनासा झाला, म्हणून उरलेल्या मजुरांनीं वाढीव मजुरी मागितली. १३५१ च्या कायद्यानें ती मजुरी जुन्या दरावर जखडून टाकण्याचा प्रयत्न झाला. तो पुरता साधला नाहीं. गरिबाच्या हातांत चार पैसे खेळूं लागले, आणि अंगावर बऱ्यापैकीं कापड दिसूं लागलें. तेव्हां १३६३ सालीं पार्लमेंटनें पोषाखाचा कायदा केला. लोक आपल्या पायरीस न शोभणारीं वस्त्रें वापरतात, ही त्यांतील मुख्य तक्रार होती. ज्याच्यापाशीं ४० शिलिंगांची मालमत्ता नाहीं अशा नांगऱ्यानें, गाडीवानानें किंवा मेंढपाळानें जाड्याभरड्या लोकरीखेरीज दुसरें कांहीं पांघरूं नये, असें ठरलें. वरच्या वर्गांस मात्र पायरीपायरीनें अधिक उंची वस्त्रांची मोकळीक होती. हा कायदा थोड्याच काळांत मागें घ्यावा लागला. परंतु त्याच्यांत जें बोलून दाखविलें गेलें तें विसरण्याजोगें नाहीं. कायदेकारांच्या डोळ्यांत कापड सलत नव्हतें. तें कोणाच्या अंगावर आहे, हें सलत होतें.

आतां हेंच चित्र आपल्या अंगणांत पाहूं. गेल्या शतकाच्या मागील शतकांत पुणें व नगर जिल्ह्यांतील कुणबी सावकाराच्या कर्जांत गळ्यापर्यंत बुडाला होता. तो असा कां बुडाला, या प्रश्नास त्या काळच्या पुष्कळ अंमलदारांपाशीं व शहरांतील शिकलेल्या मंडळींपाशीं एक ठरीव उत्तर तयार असे: शेतकरी उधळ्या आहे; लग्नकार्यांत ऐपतीबाहेर खर्च करतो आणि मग रडत बसतो. हें उत्तर फार सोयीचें होतें. त्यांत सरकारकडे दोष येत नव्हता, कायद्याकडे येत नव्हता, आणि उत्तर देणाऱ्याकडे तर मुळींच येत नव्हता.

वस्तुस्थिति काय होती ? १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें आणि तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला. हिंदुस्थानच्या कापसास एकाएकीं सोन्याचा भाव आला. मुंबईंत शेअरांचा बाजार तापला, आणि खेड्यापाड्यांत सावकार आपण होऊन रयतेस कर्ज देऊं लागला. १८६५ त युद्ध संपलें, भाव उतरले. मुंबईच्या बड्या पेढ्या कोसळल्या. त्यांची झळ दख्खनच्या खेड्यांस लागली, आणि देणारा हात मागणारा झाला. याच सुमारास जमिनीच्या पहिल्या पाहणीची तीस वर्षांची मुदत संपत आली, आणि कापसाच्या तेजींत चढलेले भाव डोळ्यांपुढें ठेवून नवा सारा आकारण्यांत आला. भाव उतरले तरी सारा उतरला नाहीं. तशांत १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें खताची मुदत तीन वर्षांवर आणली होती. व्याज सांचत जाऊं नये, हा त्याचा हेतु चांगला होता; पण व्यवहारांत सावकार दर तीन वर्षांनीं खत बदलून घेऊं लागला. जुनें व्याज नव्या मुद्दलांत मिसळावयाचें, आणि त्यावर पुन्हा व्याज चालूं करावयाचें! कुणब्यानें लग्न न करतां नुसतें खत बदललें, तरी कर्ज वाढतच होतें.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं लोकांनीं सावकारांवर बहिष्कार घातला. न्हाव्यानें हजामत करावयाची नाहीं, पाणक्यानें पाणी भरावयाचें नाहीं, असें ठरलें. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांत सुप्याच्या बाजारीं दंगा उसळला, आणि तेथून तो आसपासच्या गांवांत पसरला. या दंग्यांत एक गोष्ट चौकशी करणारांच्याही डोळ्यांत भरली. माणसांच्या अंगावर हात टाकण्याचे प्रकार थोडे झाले. जमावाचा रोख खतांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. ते कागद हातीं पडले कीं होळी करावयाची, आणि निमूटपणें मिळाले तर पुष्कळ ठिकाणीं तेवढ्यावरच घरीं जावयाचें.

सरकारनें चौकशीमंडळ नेमलें. मंडळीनें गांवोगांवची कर्जें तपासलीं, आणि जो निष्कर्ष काढला तो सरकारी मंडळाच्या तोंडून येण्याजोगा नव्हता. लग्नें व सण यांवरील खर्चास रयतेच्या कर्जबाजारीपणाचें कारण म्हणून वाजवीपेक्षां फाजील महत्त्व दिलें गेलें आहे, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. असा खर्च कुणब्याच्या मिळकतीच्या मानानें मोठा असतो हें खरें. परंतु तो क्वचित् येतो, आणि अनेक वर्षांवर पसरून पाहिला तर संसारांतील सुखासमाधानासाठीं त्याच्या स्थितीच्या माणसानें करावा त्याहून तो अधिक भरत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. इतक्या वर्षांचा ठरीव आरोप हिशेबाच्या कसोटीस उतरला नाहीं. १८७९ त शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि खताच्या मागें जाऊन खरें देणें किती तें पाहण्याची मुभा न्यायाधीशांस मिळाली. तरीही उधळ्या कुणब्याची ती जुनी गोष्ट मेली नाहीं. आजही ती बैठकीबैठकींतून ऐकूं येते.

हा अहवाल ताजा असतांनाच दैवानें त्याची विलक्षण परीक्षा घेतली. १८७६ चा पावसाळा दख्खनांत फसला आणि भयंकर दुष्काळ पडला. त्याच दुष्काळांत, १ जानेवारी १८७७ रोजीं, व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यासाठीं लॉर्ड लिटननें दिल्लीस दरबार भरविला. राजेरजवाडे, हत्ती, निशाणें, तोफांच्या सलाम्या, आठवडाभर मेजवान्या, कशाचीही उणीव नव्हती. आणि त्याच जानेवारींत सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्यानें दुष्काळी कामांवरची मजुरी कमी करण्यांत आली. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषास एक रत्तल धान्य आणि वर एक आणा, एवढ्यावर भागवावें असें ठरलें. सरकारी पैशाची उधळपट्टी होऊं नये, हें त्याचें समर्थन होतें! पुण्याच्या सार्वजनिक सभेनें या मजुरीविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. याच सभेचे गणेश वासुदेव जोशी दिल्लीच्या दरबारास गेले होते, आणि त्या भरजरी मेळाव्यांत ते हातसुताच्या जाड्याभरड्या पोषाखांत उभे राहिले होते. त्या पोषाखाइतकी बोलकी टीका दरबारावर दुसरी झाली नसेल.

गरिबाच्या समारंभाकडे पाहण्याची ही दृष्टि एकट्या हिंदुस्थानापुरती नव्हती. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्वाक्वाकावाक्व वगैरे मूळच्या लोकांत पॉटलॅच नांवाचा सोहळा असे. यजमान पाहुण्यांस बोलावून कांबळीं, होड्या, भांडीं वांटून टाकी. आणि तांब्याचे बहुमोल पत्रे कधीं कधीं सर्वांदेखत फोडीही. मिशनऱ्यांनीं व अंमलदारांनीं ही निव्वळ नासाडी ठरविली, आणि १८८५ पासून हा सोहळा गुन्हा झाला. १९२१ सालीं व्हिलेज बेटावर भरलेल्या एका मोठ्या पॉटलॅचबद्दल लोकांस पकडण्यांत आलें, कित्येकांस तुरुंगांत धाडलें, आणि पिढ्यान् पिढ्यांचे मुखवटे काढून नेले. १९५१ त ही बंदी कायद्यांतून गळली. अंमलदारांनीं ज्यास नासाडी म्हटलें, तें त्या लोकांचें दप्तर होतें. नांव, वारसा, नृत्याचा हक्क यांना पाहुणे साक्षी राहत, आणि देणगी ही त्या साक्षीची पोंच असे. आज घेणारा उद्यां देणारा होई.

हें वाचून आपणांस नवल वाटावयास नको. आपल्या घरांतील जुनी आहेराची वही उघडून पाहावी. कोणीं काय दिलें तें तींत लिहिलेलें असतें, आणि त्याच्या घरच्या कार्यांत तें परत करावयाचें असतें. कुणब्याच्या मांडवांत जेवलेला भाऊबंद त्याचा बैल मेला तर आपला बैल देतो, तो आजारी पडला तर त्याच्या शेतावर पाळी घालतो. ज्याच्या नांवानें बँकेंत खातें नाहीं, त्याची ठेव माणसांत असते. लग्नाची पंगत ही त्या ठेवीचा एक हप्ता आहे. बाहेरच्यास ताट दिसतें. ही ठेव दिसत नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, मग खरी उधळपट्टी म्हणून जगांत कांहीं नाहींच कीं काय ? अवश्य आहे. परंतु ती ओळखण्यासाठीं आंकडा पुरत नाहीं. बिल कोणाच्या माथीं बसतें, हें पाहावें लागतें. पहिल्या बाजीरावास मोहिमांपायीं इतकें कर्ज झालें होतें कीं, ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेल्या पत्रांत त्यानें सावकारांच्या पायां पडण्याचें आपलें दुःख सांगितलें आहे. थोरले माधवराव मरणोन्मुख असतां त्यांनीं जी नऊ कलमांची व्यवस्था केली, तींत कर्जफेडीचें कलम होतें. १७७२ सालीं थेऊरास देह ठेवतांना त्या पुरुषास परक्याचें देणें बोंचत होतें. याच्या उलट दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत मामलती मक्त्यानें देण्याची चाल वाढली. जो अधिक बोली बोलेल त्यास मामलत मिळे. तो ती पोटमक्त्यानें दुसऱ्यास देई. आणि ही सर्व चढाओढ शेवटीं गांवच्या रयतेकडून वसूल होई. त्याच राजवटींत पर्वतीपाशीं रमण्यांत दक्षिणा वांटली जात होती आणि ब्राह्मणभोजनें उठत होतीं. घेणारांनीं पेशव्यास धर्मशील म्हटलें. पण तें दान कोणाच्या पोटास चिमटा घेऊन झालें होतें ? ज्यानें मक्तेदाराच्या तगाद्यानें बैल विकला, खरा दाता तोच होता. आणि त्यास कोणीं विचारलें नव्हतें.

आमच्या मतें उधळपट्टीची खूण हीच. जो खर्च आपल्या सुखासाठीं करावा आणि ज्याचा भार न विचारतां दुसऱ्यावर लादावा, तो लहान असला तरी उधळपट्टी होय. या कसोटीवर आपल्या वर्गांतील कित्येक लग्नें घांसून पाहण्यासारखीं आहेत. मुलीच्या बापानें ऐपतीबाहेर खर्च केला असें आपण म्हणतों. परंतु त्यानें तो केला, कीं त्याच्याकडून करविण्यांत आला? १९६१ सालीं हुंड्यास कायद्यानें बंदी झाली, तेव्हांपासून पुष्कळ घरीं हुंडा हा शब्द गेला आणि 'तुमच्या इच्छेप्रमाणें करा' हा शब्दप्रयोग आला. अशा ठिकाणीं मुलीच्या बापास उधळ्या म्हणणें म्हणजे सारा भरणाऱ्यास खर्चिक म्हणण्यासारखें आहे.

काटकसर करूंच नये, असा याचा अर्थ नव्हे. काटकसर कोण सांगतो आणि कोणासाठीं सांगतो, यावर तिचें मोल अवलंबून आहे. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं सत्यशोधक समाज स्थापिला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्या समाजाच्या पद्धतीनें, भटजीवांचून व थोडक्या खर्चांत, पहिलें लग्न लागलें. खर्च कमी करा असें येथेंही सांगितलें गेलें. परंतु सांगणारा त्याच मांडवांतला होता, आणि वांचलेला पैसा व मान ज्याचा त्याच्यापाशीं राहावा यासाठीं तें सांगणें होतें. वरून येणाऱ्या उपदेशांत आणि आंतून उगवलेल्या निश्चयांत हा भेद आहे.

शेवटीं एक घरगुती गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. आमच्या घरीं धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंनीं मागें मुलीच्या लग्नासाठीं चार महिन्यांच्या पगाराची उचल मागितली. आम्हीं अर्धी दिली, आणि तिच्यासोबत अंथरूण व पाय यांविषयींचा तो जुना उपदेशही दिला. बाईंनीं तो शांतपणें ऐकून घेतला आणि एवढेंच म्हटलें कीं, नवरा इस्पितळांत होता तेव्हां ज्यांनीं मदत केली त्यांस जेवूं घातल्याशिवाय मांडव कसा उतरवावा ? त्याच आठवड्यांत घरांतील एका लग्नाचा हिशेब आमच्या हातीं आला. एकट्या फुलांच्या सजावटीची रक्कम बाईंच्या सबंध उचलीहून जास्त होती. ती आमच्याच अक्षरांत लिहिलेली होती, आणि तिच्यापुढें कारण म्हणून 'हौस' असा शब्द होता.

दुसऱ्या दिवशीं उरलेली उचल आम्हीं बाईंच्या हातीं दिली. आदल्या दिवशींचें बोलणें परत घ्यावें असें मनांत होतें. पण तें कोणत्या शब्दांत घ्यावें तें सुचलें नाहीं, आणि बाई तशाच भांडीं घासावयास आंत गेल्या.